पिंगळा कुठे गेला नाही, नाल्यात उतरला

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या सागवनात डिसेंबर-जानेवारीत रोज दिसणारा पिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, एप्रिलमध्ये एकदम गायब झाला, तो स्थलांतर करतो का? नाही. हा बारमाही पक्षी आहे. गायब झाली ती सागाची पानं.

आधी पिंगळा कोणता ते बघा. डोक्यावर पांढरे ठिपके असतील तर आपला नेहमीचा, नागपूरच्या महाराजबागेतल्या चिंचेवर आणि जुन्या भिंतींच्या भोकांतही राहणारा. डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडवे पट्टे असतील तर जंगली पिंगळा. तुमच्या वर्णनावरून मला हाच वाटतो. (वनपिंगळा समजून नोंद करू नका, तो वेगळा आणि दुर्मीळ. 1884 नंतर थेट 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला तो पक्षी बघायचा तर मेळघाट गाठा.)

थंडीत साग अजून पानांत असतो. सकाळी पिंगळा ढोलीच्या तोंडाशी किंवा उघड्या फांदीवर अंग फुगवून ऊन खात बसतो, म्हणून सहज दिसतो. फेब्रुवारीपासून साग झडतो आणि एप्रिलात तिथे काड्याच उरतात. आपण कूलरसमोरून हलत नाही त्या उन्हात त्याने तिथे का बसावं? तो नाल्याकाठच्या अर्जुन, जांभूळ, आंब्याच्या गर्द पानांत शिरतो. मी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी त्याला शोधायचा नादच सोडलाय. पहाटे किंवा सूर्य कलताना नाल्याने चालायचं.

दुसरं कारण ढोली. मार्च ते मे त्याची वीण. ढोली तो स्वतः कोरत नाही. तांबट किंवा सुतार पक्ष्याने सोडलेली वापरतो. म्हणून वठलेलं झाड दिसलं की थांबा, खाली विष्ठेचे पांढरे शिंतोडे आणि त्याने ओकलेल्या किड्यांच्या कवचांच्या गोळ्या आहेत का बघा. सापडली तर लांबूनच बघा, आणि मोबाईलवर आवाज वाजवून बोलावू तर मुळीच नका. अंड्यावरची मादी उठते, घरट्यावर कावळ्याचं लक्ष जातं.

पावसाळ्यात वाळव्या, नाकतोडे उदंड, तेव्हा तो पुन्हा पांगतो, पण पानांत दिसणं कठीण. कानांवर भरवसा ठेवा: सावकाश सुरू होऊन वेग घेत जाणारी हाक. नाहीतर त्याला बघून बुलबुल आणि शिंजीर एखाद्या फांदीभोवती कालवा करत असतील तिकडे दुर्बीण वळवा. माझ्या निम्म्या नोंदी त्यांच्याच कृपेने झाल्यात.