‘त्साइट’ची ऑर्डर रद्द करण्याआधी माझी फजिती वाच

तुझी पोस्ट वाचताना क्षणभर वाटलं, माझीच जुनी पोस्ट कुणीतरी उकरून वर काढली. रामश्टाइन या जर्मन मेटल बँडचा ‘त्साइट’ हा अल्बम फोनवर ऐकलास, निम्मा डोक्यावरून गेला, ‘ल्यूगन’ गाण्यातला ऑटोट्यून, म्हणजे यंत्राने सरळ केलेला आवाज, ऐकून ‘म्हातारे झाले, संपले’ असं वाटलं, मग ‘आंग्स्ट’ (म्हणजे भीती) या गाण्याचे शब्द भाषांतराच्या यंत्रात घातलेस आणि भडकलास. जर्मनीहून मागवलेली एलपी अजून तिकडून निघालेली नाही, तर ऑर्डर रद्द करू का, एवढाच तुझा प्रश्न. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणतोस, म्हणून सरळ तू म्हणतो. राग नसावा.

रद्द करू नकोस. पैसे तुझे आहेत, त्यामुळे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तू ठरव. मी समीक्षक नाही, गिटारची एक तार मला छेडता येत नाही, आणि माझं जर्मन ए-टूच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीच्या, पुढे गेलेलं नाही. फक्त त्यांच्या जुन्या ‘झेनझुख्त’ अल्बमच्या कॅसेटपासून ऐकतोय. सहाही जण पूर्व जर्मनीतले, आगीचे खेळ, मंचावरचा धुडगूस, हे सगळं तुला माहीत असणारच, ते सोडून देतो.

तर माझी चूक. २०२२ साली २९ एप्रिलला अल्बम आला. महिन्याभरात मी पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसामार्फत एलपी मागवली, चार हजार दोनशे रुपये मोजून. ती हातात पडायच्या आत फोनवरच्या फुकट ॲपवर ऐकायला बसलो. फुकटातलं ॲप तेव्हा गाणी पत्त्यांसारखी पिसून वाढायचं. मला पहिलंच पान आलं ‘डिकं टिटन’. शीर्षकाचं मराठी करत नाही, मॉडरेटर जागे असतात. आल्प्सकडच्या गावजत्रेतला वाटावा असा ब्रास बँड वाजतो आणि मग गिटार आदळते. दुसरं आलं ‘आद्यू’, म्हणजे अल्बमचं शेवटचं गाणं, निरोपाचं. पानावर बसल्या बसल्या आधी विडा, मग भात आणि सगळ्यात शेवटी मीठ वाढलं तर जेवण कसं लागेल? तसं झालं. तुझ्या पोस्टमधला गाण्यांचा क्रम बघितला. तुझंही तेच झालंय.

तरी हे चालून गेलं असतं. खरी माती पुढे खाल्ली.

‘आंग्स्ट’मध्ये ‘श्वार्त्सर मान’ असे शब्द येतात. यंत्राने सांगितलं, काळा माणूस. पोरांना काळ्या माणसाची भीती घालतायत. मी जो पेटलो! रात्री अडीचपर्यंत बसून एका संगीतवेड्यांच्या गटावर पंधराशे शब्द लिहिले. वर्णद्वेष, युरोप, निर्वासित, काहीही सोडलं नाही. शेवटी ‘माझ्यापुरता हा बँड संपला’ असं जाहीर केलं, जसं काही बर्लिनमध्ये कुणी त्याची वाट बघत होतं. लोकांनी अंगठे दिले. त्या अंगठ्यांच्या भरात, एलपी आली तेव्हा तिचं वेष्टनसुद्धा न फोडता ती अठराशेला विकून टाकली.

पोस्टला चार दिवस झाले होते, एलपी आदल्याच संध्याकाळी गेली होती. गटातल्या एका बाईंनी, त्या शाळेत जर्मन शिकवतात, फक्त एवढं लिहिलं: ‘अहो, श्वार्त्सर मान म्हणजे बागुलबुवा. तिकडे पोरं तो खेळ खेळतात.’

खेळ असा. एक जण मैदानाच्या एका टोकाला उभा राहतो, बाकीचे दुसऱ्या टोकाला. तो ओरडून विचारतो, बागुलबुवाला कोण घाबरतं? सगळे ओरडतात, कोणी नाही! तो विचारतो, आणि तो आला तर? मग आम्ही पळतो! असं म्हणत सगळे समोरच्या टोकाकडे धावतात. जो सापडतो तो पुढच्या डावात पकडणाऱ्याच्या बाजूला जातो. आपल्या साखळीसारखंच. शेवटी मैदानात जवळजवळ सगळे बागुलबुवाच उरतात.

हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐकलं. आता ते मला वर्णद्वेषावरच उलटणारं गाणं वाटतं. लहानपणी ‘झोप नाहीतर बागुलबुवा येईल’ म्हणून घातलेली भीती मोठेपणी टीव्हीवरून कशी घातली जाते, आणि बागुलबुवाचा बघता बघता दाराबाहेरचा परका माणूस कसा होतो, त्यावरचं. जो घाबरला तो पकडणाऱ्यांच्यात सामील. म्हणजे मी रात्री अडीच वाजता जे करत होतो तेच थोडंफार.

यंत्राची बाजूही घ्यायला हवी. शब्दशः अर्थ तोच होतो, आणि आज जर्मनीतही त्या खेळाच्या नावावर आक्षेप घेतात. त्यामुळे तुला राग आला यात तुझं काही चुकलं नाही. पण गाण्याची सगळी मेख त्या दुहेरी अर्थात आहे, आणि यंत्र नेमका तोच खाऊन टाकतं. गाणारा आणि गाणी लिहिणारा टिल लिंडेमान, त्याचे वडील वेर्नर लिंडेमान मुलांसाठी कविता लिहायचे. बडबडगीताच्या चालीत काहीतरी भयंकर सांगायचं ही टिलची जुनी खोड आहे. त्याचं एकही गाणं शब्दाला शब्द लावून वाचू नये. त्यांच्या जुन्या ‘डू हास्ट’ गाण्याचं काय झालं होतं आठवतंय ना? ‘तुझ्याकडे आहे’ आणि ‘तू द्वेष करतोस’ कानाला एकसारखं, आणि अर्धं जग अजून दुसराच अर्थ धरून बसलंय.

(पुण्या-मुंबईत असतास तर माक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला जा म्हटलं असतं. मी त्या फजितीनंतर दोन वर्षं गेलो, ऑफिस सुटल्यावर, पोराच्या वयाच्या मुलांशेजारी बसून. पण तुझ्या नाशिकमध्ये आठवीला जर्मन घेतलेला एखादा मित्र नक्की असेल. शाळकरी जर्मनसुद्धा यंत्रापेक्षा बरं.)

ऑटोट्यूनचं. ‘ल्यूगन’ म्हणजे खोटं बोलणं. माणूस आधी गोड गोड सांगत राहतो, मला हे आवडतं, ते आवडतं, आणि मग कबूल करतो की सगळं खोटं. आणि आवाज खोटा होतो तो त्या कबुलीवर. लिंडेमानसारखा खर्जातला, भरदार आवाज असलेला माणूस यंत्रातून गातो तेव्हा ते आळसाने केलेलं नसतं रे. आवडलं पाहिजे असं नाही. माझ्या बायकोला अजूनही ते गाणं लागलं की मिक्सर बिघडल्यासारखं वाटतं.

आणि म्हातारे झाले हे तर खरंच आहे. अल्बम आला तेव्हा लिंडेमान ५९ वर्षांचा होता. अख्खा अल्बमच त्यावर आहे. ‘त्साइट’ म्हणजे काळ. शीर्षकगीतात वेळेला थांबायची विनवणी आहे, तीत जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातलं क्षणाला ‘थांब ना’ म्हणणारं वाक्य आलंय, आणि व्हिडिओ तर काळ उलटा फिरवतो. मुळात हा अल्बम ठरलेलाच नव्हता. २०१९चा बिननावाचा अल्बम दहा वर्षांनी आला होता, त्यावरचा दौरा कोविडने अडला, आणि रिकाम्या हातांनी बसवेना म्हणून दक्षिण फ्रान्समधल्या ला फाब्रिक स्टुडिओत जाऊन हे केलं. बाहेर लोक मरत होते आणि पन्नाशीला टेकलेली आणि ओलांडलेली माणसं एका खोलीत बसून गाणी रचत होती. तो वास अल्बमला आहे. विशीत तो येत नाही, मला तरी आला नसता.

आता जिथे तुझ्याशी सहमत आहे ते. ‘ओ.के.’ टाकाऊ आहे. ती दोन अक्षरं म्हणजे ‘निरोधाविना’ची जर्मन आद्याक्षरं, विनोद तिथेच संपतो आणि गाणं पुढे चालू राहतं. ‘गिफ्टिश’ म्हणजे नव्वदच्या दशकातल्या स्वतःचीच नक्कल. ‘त्सिक त्साक’ प्लास्टिक सर्जरीवर आहे, नाचायला बरं. गिटारी एकंदर फार इस्त्री केलेल्या. पहिले सहा अल्बम याकोब हेल्नर या निर्मात्याने घडवले, त्यात एक घाण होती, कारखान्यात तेल सांडलेलं असतं तशी. २०१९पासून ओल्सेन इन्व्होल्टिनी आहे, आणि आता फरशी पुसलेली असते. त्यांच्याच जुन्या ‘मुटर’ अल्बमच्या जवळपास हा अल्बम जात नाही. कुणी जातो म्हणालं तर वाद घालायला मी तयार आहे, पण वेगळ्या धाग्यावर.

मात्र ‘माइनं ट्रेनन’ तू दोन ओळींत उडवलंस ते पटलं नाही. आई आणि घरातच राहिलेला, मोठा झालेला मुलगा. पुरुषाने रडायचं नसतं, फक्त आई गेल्यावर रडायची परवानगी. यात जर्मन काय आहे? हे कुठल्याही वाड्यातल्या मागच्या खोलीत घडतं. दोन गाण्यांनंतर ब्रास बँड वाजायला लागतो तेव्हा मला तो आता मुद्दाम ठेवल्यासारखा वाटतो. आता, म्हणजे ओळीने ऐकायला लागल्यावर. ‘आर्मे डेर ट्रिस्टन’ हे पहिलं गाणं ‘आमच्यात या’ म्हणतं, उदासांच्या पलटणीत, आणि ‘आद्यू’ निरोप देतं. ‘आद्यू’ ऐकून बँड बंद पडला असं बऱ्याच जणांना वाटलं होतं, पण ते ३१ जुलै २०२४पर्यंत स्टेडियम भरवत होते. मधली ४४ मिनिटं सलग ऐक. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

एलपीच घे याला माझ्याकडे एक बालिश कारणही आहे: कव्हर. बर्लिनच्या आडलर्सहोफमधला ट्रूडेलटुर्म, विमानं गिरक्या घेत कोसळतात त्याच्या चाचण्यांसाठी १९३०च्या दशकात बांधलेलं काँक्रीटचं अंडं, आणि त्याच्या जिन्यावरून उतरणारे हे सहा जण. फोटो ब्रायन ॲडम्सचा. हो, तोच, ज्याची गाणी आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेज बँडने वाजवून वाजवून चावलीत. फोनवर ते टपाल तिकिटाएवढं दिसतं.

माझी दुसरी प्रत मी थेट बाहेरून मागवली. ती एका कार्यालयात एकोणीस दिवस अडकली. तिथल्या साहेबांना तबकडी म्हणजे काय हे कळेना. ‘यात डेटा आहे का?’ असं विचारलं. मी म्हटलं, गाणी आहेत. ‘मग डेटाच की.’ पुढच्या खेपेला छापील पावती आणा, त्याच्या पुढच्या खेपेला बँकेचं स्टेटमेंट आणा. सगळं धरून सहा हजारांच्या वर गेली. म्हणून सांगतो, पावती आणि पैसे दिल्याचा पुरावा आत्ताच छापून ठेव, आणि कस्टम ड्युटी वेगळी भरावी लागेल ती धरून चाल. खोकं उघडताना व्हिडिओ घे. दोन तबकड्या आहेत, कोपरे दबतात. आणि बाहेरून प्लास्टिकचं पाकीट चढव, नाहीतर पावसाळ्यात कव्हरवर बुरशी धरते.

ज्याला मी पहिली प्रत अठराशेला दिली त्याला मागच्या महिन्यात विचारलं, परत देतोस का, तीन हजार देतो. रामश्टाइन त्याने त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं, स्वस्तात मिळतेय म्हणून घेतली होती. म्हणाला, ‘नाही हो काका, मुलीला ते बागुलबुवाचं गाणं फार आवडतं.’