क्रूझवर लॉबस्टरसाठी वेगळे पैसे मोजावेत का?

जेवणाचा खर्च तिकिटातच धरलेला असताना लॉबस्टरसाठी वरचे पैसे द्यावेत का, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की आधी मुख्य भोजनगृहाचा मेनू पाहावा. कारण अनेक मोठ्या जहाजांवर, विशेषतः आठवडाभराच्या सफरीत, औपचारिक पोशाखाच्या एखाद्या संध्याकाळी लॉबस्टरची शेपटी जादा शुल्क न घेता वाढली जाते. दुसरी मागितल्यास मात्र काही कंपन्या पैसे आकारतात.

खरा फरक पडतो तो जातीचा आणि शिजवण्याचा. उष्ण समुद्रातील शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात, त्यामुळे ताटात केवळ शेपटीच येते आणि तीही बहुधा गोठवलेली असते; याउलट उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील लॉबस्टरला दोन जाडजूड नांग्या असतात आणि त्यांतील मांस शेपटीपेक्षा मऊ व गोडसर लागते. शेकडो ताटे एकदम वाढायची असली की शेपट्या आधीच भाजून गरम ठेवाव्या लागतात, आणि दोन-चार मिनिटे आच जास्त लागली तरी ते नाजूक मांस आक्रसून रबरासारखे चिवट होते.

म्हणून सशुल्क उपाहारगृहात अख्खे, नांग्यांसह आणि आपण सांगितल्यावर शिजवलेले लॉबस्टर मिळत असेल, तर पैसे जरूर मोजावेत. तीच गोठवलेली शेपटी निराळ्या टेबलावर येणार असेल, तर मुळीच मोजू नयेत. ही चौकशी आरक्षण करण्यापूर्वीच करावी.