खाडीच्या चिखलातले ॲनेरोबिक (ऑक्सिजनशिवाय जगणारे) जिवाणू वाढवायचे आहेत, पण माध्यम (जिवाणूंच्या खाद्याचं द्रावण) गुलाबीच राहतं. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की भाट्याच्या खाडीतला काळा चिखल आणलाय, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी त्यातले सल्फेटवर जगणारे, म्हणजे सल्फेटचं सल्फाइड करणारे जिवाणू वाढवायचेत, विभागात ॲनेरोबिक चेंबर (ऑक्सिजन नसलेली काम करायची पेटी) नाही. माध्यम उकळलं तेव्हा रेझाझुरिनचा (ऑक्सिजन आहे की नाही ते दाखवणाऱ्या रंगद्रव्याचा) निळा रंग गुलाबी झाला आणि गाडी तिथेच अडली.

चेंबर माझ्याकडेही कधी नव्हता. कोकणातल्याच एका कॉलेजात बरीच वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, ती उकळतं पाणी आणि रबराच्या बुचांवर. तुमचं फार काही चुकलेलं नाही, तुम्ही अर्ध्या वाटेवर थांबलाय.

आधी रंगाचं बघू. निळ्याचा गुलाबी होतो ती एकेरी वाट आहे, उकळताना ते होणारच. त्यावरून ऑक्सिजन गेला असं समजू नका. गुलाबीचा बिनरंगी होतो तो खरा इशारा, आणि हा रंग मात्र हवा लागली की परत येतो. माध्यमाचा रेडॉक्स विभव (ऑक्सिजन जितका कमी तितका तो खाली) साधारण उणे ११० मिलिव्होल्टच्या खाली गेला की रंग पूर्ण जातो. तुमच्या जिवाणूंना सुरुवात करायला उणे शंभरच्या आसपास पुरतं, म्हणजे बिनरंगी झालं की तुमचं काम झालं. मिथेन तयार करणाऱ्यांना उणे ३०० च्याही खाली लागतं, त्यांच्या नादाला सध्या लागू नका.

नुसत्या उकळण्याने विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो, पण माध्यम गार होताना तो पुन्हा आत शिरतो. म्हणून दोन गोष्टी लागतात: उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकणारं रसायन आणि हवा आत न सोडणारी बाटली. माध्यम पोस्टगेट बी घ्या, ते याच जिवाणूंसाठीचं ठरलेलं माध्यम आहे. एक लिटरला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड १, कॅल्शियम सल्फेट १, सात पाण्याचं (हेप्टाहायड्रेट) मॅग्नेशियम सल्फेट २, सोडियम लॅक्टेट ३.५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १, सात पाण्याचं फेरस सल्फेट ०.५ ग्रॅम. चिखल खाडीचा आहे म्हणून मीठ २५ ग्रॅम. चिखल भर पावसाळ्यात आणला असेल तर थोड्या बाटल्या कमी मिठाच्याही लावा, कारण तेव्हा खाडीचं पाणी नदीने पातळ केलेलं असतं. ऑक्सिजन खाणारी ॲस्कॉर्बिक आम्ल आणि थायोग्लायकोलिक आम्ल प्रत्येकी ०.१ ग्रॅम, पण ही दोन सगळ्यात शेवटी, ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला) लावायच्या अगदी आधी. मग पीएच ७ ते ७.५ करा. तळाशी गाळ बसेल, बसू दे, गाळू नका.

इथे बरेच जण एक चूक करतात. पुस्तकात ऑक्सिजन काढायला सोडियम सल्फाइड दिसतं म्हणून तेच घालतात. या माध्यमात लोह आहे, सल्फाइड पडलं की आयर्न सल्फाइड होऊन बाटली त्याच क्षणी काळी होते. आणि जिवाणू वाढल्याची खूण तर तीच काळी रंगत! मग वाढ झाली की नाही हे कळणार कसं?

आता बाटली. आपल्याकडे मे महिन्यात आंब्याचा रस बाटल्यांत भरतात तेव्हा गळ्यापर्यंत भरतात आणि बूच मारतात, वर हवेला जागाच ठेवत नाहीत. इथेही तसंच. स्क्रूच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या घ्या, थोड्या कमी भरा, झाकण सैल ठेवून १२१ अंशांवर, १५ पौंडांवर २० मिनिटं लावा. गच्च बंद, तोंडोतोंड भरलेली बाटली ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नका, फुटते. बाहेर काढल्यावर, कोमट असतानाच, त्याच वेळी निर्जंतुक केलेल्या जादा माध्यमाने तोंडापर्यंत भरा आणि झाकण घट्ट आवळा. नायट्रोजनचं सिलेंडर मिळालं तर सोन्याहून पिवळं. मग रॉबर्ट हंगेट यांची पद्धत वापरा. त्यांनी ती गाईच्या पोटातले जिवाणू वाढवण्यासाठी बसवली. माध्यमावरून सतत वायू सोडत गार करायचं, वायू चालू असतानाच सीरम बाटलीत (रबरी बुचाच्या छोट्या काचेच्या बाटलीत) भरायचं आणि वायूची सुई बाहेर ओढता ओढता बूच दाबायचं. हात बसायला आठवडा जातो. बूच मात्र ब्युटाइल रबराचंच हवं, साध्या रबरातून हवा झिरपते. मी पहिल्या वर्षी साधी लाल रबराची बुचं वापरली. सोमवारी सगळ्या बाटल्या पाण्यासारख्या स्वच्छ होत्या, पुढच्या सोमवारी निम्म्या गुलाबी. आठवडाभर मी माध्यमालाच दोष देत होतो.

बंद बरणीत मेणबत्ती पेटवून ऑक्सिजन संपवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मेणबत्ती विझते तेव्हाही आत भरपूर ऑक्सिजन उरलेला असतो. तयार माध्यम फ्रीजमध्येही ठेवू नका. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. अंधाऱ्या कपाटात, बाहेरच्याच तापमानाला ठेवा.

चिखल सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी तिवरांच्या मुळाशी काढा. वरचा तपकिरी थर बाजूला सारा, काही सेंटिमीटर खालचा काळा, कुजक्या अंड्यांचा वास येणारा घ्या आणि बाटली काठोकाठ भरा. हाताला जखम असेल तर हातमोज्याशिवाय हात घालू नका, अशा मातीत धनुर्वाताचेही जिवाणू असू शकतात. प्रत्येक बाटलीत एखादा ग्रॅम पुरे, वर पुन्हा माध्यम तोंडापर्यंत.

३० अंशांवर ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कपाटातसुद्धा तेवढं असतं, लाईट गेली तरी बिघडत नाही. साधारण आठवड्यात काळं पडू लागेल. सोबत दोन बाटल्या चिखलाशिवाय आणि दोन ऑटोक्लेव्ह करून मारलेल्या चिखलाच्या ठेवा. मेलेल्या चिखलात मुळातच काळा आयर्न सल्फाइड असतो, तो तळाशी दिसणारच. बघायचं ते हे की तुमची बाटली त्याहून किती काळी होत जाते. आणि झाकण उघडून वास घेऊ नका, तो विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू आहे. फ्यूम हूडखालीच (वायू बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटातच) उघडा, टाकायच्या आधी ऑटोक्लेव्ह करा.