स्किट की प्रहसन?

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही घरातले सगळे “महाराष्ट्राची हास्यजत्रा” न चुकता बघतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भरपूर बोलतो, लिहितो. मी “कालचं स्किट भन्नाट होतं” असं लिहिलं, तर काकांनी हटकलं, “स्किट काय म्हणतेस? प्रहसन म्हण.” प्रहसन हा खरंच त्याचाच मराठी शब्द आहे का? आणि स्किटच लिहायचं तर स्किट की स्कीट? अनेकवचन स्किट्स की स्किटं?’

काकांचा शब्द चुकीचा नाही, आणि तुमचाही नाही. पण दोन्ही शब्द एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असं मला वाटत नाही. प्रहसनाचा आवाका वेगळा आणि स्किटचा वेगळा.

आधी प्रहसन. भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकांचे, म्हणजे रंगमंचावर करायच्या नाट्यकृतींचे, दहा प्रकार सांगितले आहेत. नाटक, प्रकरण, भाण, वीथी वगैरे मंडळींत प्रहसन आहेच. त्याचेही शुद्ध आणि संकीर्ण असे दोन पोटभेद केलेले आहेत. शब्द पारदर्शक आहे: ‘हस्’ धातूला ‘प्र’ उपसर्ग लागला, म्हणजे खळखळून हसणं किंवा एखाद्याची रेवडी उडवणं. आकार लहान, आणि हसण्याचा रोख बहुतेक वेळा भोंदू तपस्वी, ढोंगी भिक्षू, धूर्त आणि लंपट माणसं यांच्यावर.

नुसत्या व्याख्येवरून प्रहसन कळत नाही, म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. सातव्या शतकात कांचीचा पल्लव राजा महेंद्रवर्मा याने ‘मत्तविलास’ नावाचं प्रहसन लिहिलं. त्यात दारू पिऊन तर्र झालेला एक कापालिक, म्हणजे कवटी घेऊन भिक्षा मागणारा शैव साधू, आणि त्याची जोडीदारीण आहे. कापालिकाचं भिक्षापात्र, म्हणजे हातातली कवटी, हरवते. कवटीशिवाय कापालिक कसला, म्हणून तो हवालदिल होतो. समोरून एक बौद्ध भिक्षू काहीतरी झाकून नेताना दिसतो, झालं, याचा संशय त्याच्यावर. मग बाचाबाची, झोंबाझोंबी, तिसऱ्याच पंथाचा एक जण मध्यस्थीला. शेवटी कळतं की कवटी कुत्र्याने पळवली होती, आणि ती एका वेड्याच्या हातात सापडते. ‘भगवदज्जुकम्’ हे असंच आणखी एक. यमदूत भलत्याच गणिकेचा प्राण घेऊन जातो. शिष्याला योगशक्ती दाखवायची म्हणून योगी तिच्या शरीरात शिरतो. चूक लक्षात आलेला यमदूत परत येतो, तिचं शरीर अडलेलं पाहून तिचा प्राण योग्याच्या शरीरात घालतो. आता योगी बोलतो गणिकेसारखं आणि गणिका उपदेश करते योग्यासारखा. आजच्या कुठल्याही लेखकाने ही कल्पना वाचनाच्या बैठकीत मांडली तर ती तिथल्या तिथे मंजूर होईल. त्यामुळे काका प्रहसन म्हणतात तेव्हा ते खऱ्या नात्याकडे बोट दाखवतायत, हे मनापासून मान्य करते.

आता मराठी रंगभूमीकडे येऊ, कारण शब्दाची वाट तिथे वळते. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. पुढे नाटक मंडळ्यांचे पौराणिक खेळ गावोगाव होऊ लागले, तेव्हा मुख्य खेळ झाल्यावर एक छोटा गमतीदार खेळ लावायची पद्धत पडली. त्याला लोक काय म्हणू लागले? प्रहसन नव्हे, ‘फार्स’. संस्कृत शब्द हाताशी असताना, संस्कृत जाणणारे लोक मंडळ्यांत असताना, बोलण्यात रुजला तो इंग्रजी शब्द. प्रहसन राहिलं ते छापील पुस्तकांच्या मुखपृष्ठावर आणि समीक्षेत. फार्स मात्र इतका आपला झाला की आज ‘चौकशीचा नुसता फार्स केला’ असं म्हणताना तो इंग्रजी आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आत्ता स्किटविषयी जी तक्रार होते ती तेव्हा फार्सविषयीही करता आली असती.

मग स्किटला फार्सच का म्हणू नये? कारण मधल्या काळात फार्सचा अर्थ सरकला. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांच्या काळापासून फार्स म्हटलं की पूर्ण लांबीचं नाटक, एकातून दुसरा निघणारा गैरसमज, दारांमागे लपणं आणि वाढत जाणारी पळापळ असंच चित्र उभं राहतं. दहा-बारा मिनिटांच्या तुकड्याला आता ते नाव बसणार नाही.

स्किट हा शब्द मराठीत आला तो टीव्हीच्याही आधी, कॉलेजातून. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात एकांकिका, मूकाभिनय, नकला यांच्याबरोबर स्किट ही वेगळी स्पर्धा असते: मोजके कलाकार, दहाएक मिनिटांची मर्यादा, नेपथ्य जवळपास नाहीच. आणि गंमत म्हणजे मराठी परिपत्रकात किंवा बातमीत तिथे ‘प्रहसन’ छापलेलं असतं. तालमीच्या खोलीत मात्र ‘आपलं स्किट किती वाजता आहे?’ हेच विचारतात. म्हणजे काका आणि तुम्ही यांच्यातली ही वाटणी जुनीच आहे. आज टीव्हीवर दिसणाऱ्या कितीतरी कलाकारांची घडण एकांकिका स्पर्धा आणि युवा महोत्सवांत झाली, आणि त्यांच्याबरोबर तो शब्दही सेटवर आला. (इंग्रजीत तरी स्किटचा मूळ अर्थ कुठे नाटुकलं असा होता? आधी तो टोमणा, चिमटा काढणारं लिखाण अशा अर्थाने चाले. रंगमंच नंतर आला.)

माझं म्हणणं असं आहे की टीव्हीवर जे घडतं ते प्रहसनापेक्षा एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळं आहे. प्रहसन स्वतःपुरतं पूर्ण असतं. कापालिकाला कवटी मिळाली की खेळ संपला, पुढच्या आठवड्यात तो परत येत नाही. ‘हास्यजत्रा’ 2018 पासून सोनी मराठीवर चालू आहे, आणि तिथे माणसं परत परत येतात. नम्रता संभेरावची लॉली घ्या. ती रंगमंचावर पाऊल टाकते तेव्हाच, एक शब्द उच्चारला जाण्याआधी, हशा पिकतो, कारण ती कशी चालते, कशी लाडात येते, समोरच्याला कसा घाम फुटणार आहे हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतं. विनोद या भागातल्या संवादांवर जितका उभा असतो तितकाच मागच्या सगळ्या भागांच्या आठवणीवर. म्हणून चाहते स्किटला नाव देतात तेही पात्रावरून: ‘लॉलीचं स्किट’. ‘लॉलीचं प्रहसन’ मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि ऐकलं तर मला ते एखाद्या पुस्तकाचं शीर्षक वाटेल. स्किट इथे मोठ्या साखळीतली एक कडी आहे, आणि ती साखळी रोज पाहणाऱ्यांनीच हा अर्थ शब्दात भरला आहे.

परत येणाऱ्या पात्रांचा हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही, हे मात्र ठासून सांगायला हवं. तमाशात गण-गौळण झाली की बतावणी असते आणि मग वग. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांच्याबरोबर मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि बोबडा पेंद्या. मावशी गावोगाव तीच, दर खेळात तीच, आणि पुरुषाने साडी नेसून उभी केलेली. बतावणीत सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार हजरजबाबी सवाल-जवाब करतात, त्यात त्या गावच्या पाटलापासून त्या आठवड्यातल्या बातमीपर्यंत काहीही येतं, बरंचसं आयत्या वेळी सुचलेलं. ठरलेली पात्रं, ताजा विषय, प्रेक्षकांकडे वळून बोलणं: ‘हास्यजत्रा’ किंवा ‘चला हवा येऊ द्या’ बघणाऱ्याला यातलं काय अनोळखी आहे? माझ्या मते टीव्हीवरच्या स्किटचं सख्खं नातं संस्कृत प्रहसनापेक्षा बतावणीशी आहे. दोन कलाकारांचा नुसता जुगलबंदीचा तुकडा असेल, गोष्ट नावापुरतीच असेल, तर ‘बतावणीच्या अंगाने गेलेलं स्किट’ असं जरूर लिहा. वाचणाऱ्याला एका शब्दात सगळं कळतं.

आणि इथे काकांच्या नव्हे, आपल्या सगळ्यांच्याच बोलण्यातली एक उणीव मला खरोखर खुपते. इंग्रजी शब्द वापरला यापेक्षा सगळ्याला एकच शब्द वापरला, हे नुकसान मोठं आहे. ‘चला हवा येऊ द्या’ 2014 मध्ये झी मराठीवर सुरू झालं. त्यात नव्या सिनेमाची टर उडवायचे, त्याला ‘विडंबन’ हा नेमका शब्द आहे. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’पासून मराठी वाचकाला तो चांगला माहीत आहे. सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचायचा. ते पत्रवाचन होतं, बऱ्याचदा डोळ्यात पाणी आणणारं. त्याला स्किट म्हटलं की त्याचा जीवच जातो. एकटा कलाकार दहा मिनिटं खिळवून ठेवतो ते एकपात्री. एखाद्या नटाचा आवाज आणि हातवारे उचलतात ती नक्कल. भागाविषयी लिहिताना हे शब्द मिसळून वापरलेत तर तुमचं लिखाण बघणाऱ्याच्या जास्त जवळ जाईल.

‘पंच’बद्दल, म्हणजे हशा वसूल करणाऱ्या नेमक्या फटक्याबद्दल, थोडंसंच. त्याला ‘टाळीचं वाक्य’ हा पर्याय सुचवला जातो, पण टाळीचं वाक्य गंभीर नाटकातही असतं. ‘कोटी’ म्हणजे शब्दावरचा खेळ, आणि पंच नुसत्या नजरेचाही असू शकतो. तो ‘बसतो’ आणि ‘फुकट जातो’, इतकी मराठी क्रियापदं त्याने जोडून घेतली आहेत. राहू द्या त्याला.

मराठी शब्द हरतातच असंही नाही. ‘सीझन’ला आपण ‘पर्व’ म्हणतो आणि कुणाला ते जड वाटत नाही. ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व 2024 मध्ये सूरज चव्हाणने जिंकलं तेव्हा ‘गुलीगत’ आणि ‘झापुक झुपूक’ हे त्याचे शब्द घरोघरी बोलले जात होते, आणि त्याच वाक्यांत महाभारताच्या अठरा पर्वांतलं ‘पर्व’ही होतं. कार्यक्रमांची नावंही बघा. ‘फू बाई फू’ फुगडीतून आलं, ‘चला हवा येऊ द्या’ रोजच्या बोलण्यातून, ‘हास्यजत्रा’ गावच्या जत्रेवरून. पर्व जिंकलं कारण ते छोटं आहे, महाभारतामुळे मोठ्या गोष्टीचा एक टप्पा हा अर्थ त्याला आधीच होता, आणि वाहिन्यांनी पहिल्यापासून तेच वापरलं. प्रहसनाला यातलं तिसरं पुरतं मिळालं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याहून जास्त आवडला.

स्किट हा शब्द आपण नपुंसकलिंगी का करतो? ‘ते स्किट’, ‘भारी स्किट’, ‘कालचं स्किट’. एपिसोड मात्र पुल्लिंगी: ‘कालचा एपिसोड’. एपिसोडने भागाचं लिंग घेतलं, हे सरळ आहे. स्किटच्या बाबतीत नाटक किंवा प्रहसन यांचं लिंग आलं असेल असं वाटतं, आणि तेही कारण असेलच. पण माझ्या मते कानाचाही त्यात मोठा वाटा आहे. तिकीट, पाकीट, बिस्कीट ही इंग्रजीतूनच आलेली नावं बघा. तिन्हींच्या शेवटी तोच आवाज, आणि तिन्ही नपुंसकलिंगी. ‘ट’वर थांबणाऱ्या या शब्दांसाठी मराठीने एक साचा आधीच तयार ठेवला होता. स्किट आलं आणि त्यात जाऊन बसलं.

त्या साच्यातच तुमच्या अनेकवचनाचं उत्तर आहे. तिकिटं, पाकिटं, बिस्किटं, म्हणून स्किटं. ‘कालच्या भागात तीन स्किटं होती’ हे निर्धास्त लिहा. ‘स्किट्स’ लिहिलं की शब्द परत परका होतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं थोडं नाजूक आहे. अकारान्त मराठी शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा इकार दीर्घ लिहायचा हा आपला नियम, म्हणून तिकीट, पाकीट. त्याच सवयीने बरेच जण स्कीट लिहितात, आणि त्यांना अडाणी म्हणायचं काही कारण नाही. ती भाषेच्या नियमाची जाणच आहे. पण हा नियम लागू झालेल्या शब्दांनी आणखी एक पायरी ओलांडलेली असते: त्यांना सामान्यरूप होतं. तिकिटाला, पाकिटात, बिस्किटाचा. स्किटचं तसं अजून झालेलं नाही. लोक ‘स्किटमध्ये’, ‘स्किटला’, ‘स्किटचा’ म्हणतात. ‘त्या स्किटात ती काय सुंदर रडली’ असं क्वचित कानावर येतं, तेही बोलण्याच्या ओघात. शब्द अजून उंबऱ्यावर आहे. हिट, फिट, किट हे असेच शब्द आपण उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व लिहितो, त्यामुळे आज तरी मी ‘स्किट’ लिहिते. ‘स्किटात’ आणि ‘स्किटाला’ सर्रास ऐकू यायला लागलं की ‘स्कीट’ लिहायला मला आनंदच होईल.

काकांना सांगा की एखाद्या भागात नवीच पात्रं, सुरुवात-मध्य-शेवट असलेली नेटकी गोष्ट आणि कुणातरी भोंदूची मस्त खोड मोडलेली असेल, तर त्याला तुम्ही प्रहसनच म्हणाल. लॉली आली तर मात्र स्किट.