टकटक करणारी डिस्क, विकायचा लॅपटॉप आणि कॅबिनेटच्या झिणझिण्या

प्रश्न : सात-आठ वर्षं वापरलेला लॅपटॉप विकायचा आहे. त्यात बँकेची स्टेटमेंट्स, आधार-पॅनच्या पीडीएफ, घरचे फोटो असं सगळं होतं. ते डिलीट करून रिसायकल बिनही रिकामं केलं आहे. आता निर्धास्तपणे विकू का? (पुणे)

अजून विकू नका. सात-बारावरून नाव कमी केलं म्हणून शेतातली विहीर बुजत नाही, तसंच डिलीटचं आहे. फाईल कुठे ठेवली आहे याची विंडोजच्या यादीतली नोंद ‘मोकळी’ होते, मजकूर मात्र जागेवरच राहतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो फुकटातल्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही परत काढता येतो. ‘क्विक फॉरमॅट’ने फक्त यादी नवी कोरी होते.

पुढे काय करायचं हे आत हार्ड डिस्क (फिरत्या चकत्यांवर साठवणारी) आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी) यावर ठरतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘डिस्क 0’च्या खाली एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) किंवा एसएसडी असं लिहिलेलं दिसेल.

हार्ड डिस्क असेल तर काम सोपं, फक्त वेळखाऊ. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की पुरे. तीन, सात किंवा पस्तीस वेळा लिहावं लागतं असं अजूनही सांगितलं जातं. पस्तीस फेऱ्यांची ही कल्पना 1996 सालची आहे आणि ती तेव्हाच्या डिस्कवरच्या नोंदणी पद्धतींसाठी होती. आजच्या डिस्कला एक फेरी बास आहे. सेकंदाला सरासरी 80 एमबीचा वेग धरला तर 500 जीबीला पावणेदोन तास लागतात. डी, ई ही पार्टिशन्स असतील तर त्यांना उजवं क्लिक करून ‘फॉरमॅट’ घ्या आणि ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये खरोखर शून्यं लिहिली जातात. विंडोज चालू असताना सी ड्राइव्ह असा फॉरमॅट होत नाही, त्यासाठी खाली दिलेलं रिसेट वापरा.

एसएसडीला मात्र हा उपाय लावू नका. तिच्या चिपवर लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. शिवाय सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून आतला कंट्रोलर प्रत्येक वेळी नवी जागा निवडतो. म्हणजे तुम्ही ‘त्याच’ फाईलवर शून्यं लिहिता तेव्हा ती भलतीकडेच जातात आणि जुना मजकूर राखीव जागेत पडून राहू शकतो. ही राखीव जागा विंडोजला दिसतच नाही. 240 जीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या एसएसडीत बहुधा 256 जीबीची चिप असते, ती यासाठीच. डिलीट केल्यावर ट्रिम नावाची सूचना एसएसडीकडे जाते आणि बराचसा मजकूर खरंच पुसला जातो, पण कधी आणि किती ते कंट्रोलर ठरवतो. आधार-पॅनच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

एसएसडीसाठी आधी मजकुराला कुलूप लावायचं, म्हणजे तो किल्लीशिवाय वाचता न येणारा (एन्क्रिप्ट) करायचा, आणि मग किल्ली नष्ट करायची. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी असलेला बिटलॉकर सुरू करा. तो विचारेल, फक्त वापरलेली जागा की संपूर्ण ड्राइव्ह? संपूर्ण ड्राइव्हच निवडा. होम आवृत्तीत सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळतं का पाहा, सगळ्या लॅपटॉपमध्ये ते नसतं. कुलूपबंदी 100 टक्के झाली की किल्ली नष्ट करण्यासाठी ‘रिसेट धिस पीसी’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. लगेच पुढे जाऊ नका. तिथेच ‘चेंज सेटिंग्ज’ असतं, त्यात ‘क्लीन डेटा’ चालू करा. बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात, आणि मग रिसेट म्हणजे नुसतं नव्याने विंडोज टाकणं होतं. चार्जर लावूनच हे काम करा, मध्येच बॅटरी संपली तर लॅपटॉप चालूच न होण्याची वेळ येते.

बिटलॉकर नसेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर किंवा बायोसमधलं (संगणक चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमधलं) ‘सिक्युअर इरेज’ वापरा. ही आज्ञा थेट कंट्रोलरला जाते आणि तो राखीव जागेसह सगळं पुसतो.

विकण्याआधी आणखी काही गोष्टी : टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं लायसन्स सरेंडर करा. मायक्रोसॉफ्ट आणि गुगलच्या खात्यांतून हे यंत्र काढून टाका. मोबाइलवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तिथून लॉगआउट करा. मेमरी कार्डाची खाच आणि डीव्हीडीचा ट्रे उघडून पाहा.

लॅपटॉप चालूच होत नसेल तर खालचं झाकण उघडून डिस्क काढून घ्या आणि डिस्कशिवाय विका. किंमत थोडी कमी येईल, पण यापेक्षा पक्का उपाय नाही. काढलेली डिस्क हातोड्याने फोडायला जाऊ नका. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटल्या की कपच्या डोळ्यांत उडतात.

प्रश्न : 1 टीबीची डिस्क घेतली, पण संगणकावर 931 जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलं का? (नांदेड)

नाही. कंपनी 1 टीबी म्हणजे 1 वर बारा शून्यं इतके बाइट मोजते, तर विंडोज 1024 च्या पटीत मोजून पुढे ‘जीबी’ लिहितं. त्या हिशेबाने 931 बरोबर आहे. 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवर 59 च्या आसपास दिसतात, तेही याचमुळे.

खरी फसवणूक वेगळी असते. रस्त्यावर किंवा ऑनलाइन पाच-सहाशे रुपयांत ‘2 टीबी’चा पेन ड्राइव्ह मिळतो, तो संगणकावर 2 टीबीच दाखवतो. आत चिप 32 किंवा 64 जीबीची असते, फक्त तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ती भरली की पुढच्या फाईल जुन्यांवर चढतात किंवा हवेत विरतात. यादीत सगळ्यांची नावं मात्र दिसत राहतात, त्यामुळे फसगत कळते ती लग्नाचा व्हिडिओ उघडताना. स्वस्त ड्राइव्ह घेतला असेल तर पहिल्याच दिवशी विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफथ्री’ चालवा. ही सॉफ्टवेअर अख्खा ड्राइव्ह भरतात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. मोठ्या ड्राइव्हला काही तास लागतात, तेवढा वेळ द्या.

प्रश्न : पोर्टेबल हार्ड डिस्क टेबलावरून पडली. आता लावली की टक-टक आवाज येतो आणि डिस्क दिसत नाही. फ्रीजरमध्ये ठेवल्याने चालते असं कोणी सांगितलं. करून पाहू का? (नाशिक)

मुळीच नाही. आणि हे वाचताना डिस्क जोडलेली असेल तर आधी काढा.

डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला सहसा 5400 वेळा फिरतात आणि वाचणारी हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतात. पडल्यावर हेड वाकलं किंवा खराब झालं की त्याला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत. ते आत जातं, चाचपडतं आणि मागे येऊन पुन्हा प्रयत्न करतं. तुम्हाला ऐकू येते ती टकटक हीच. हेड चकतीला घासत असेल तर प्रत्येक वेळी डिस्क चालू केली की चुंबकीय थराचा थोडा आणखी भाग खरवडला जातो. जो भाग गेला तो कोणत्याही प्रयोगशाळेत परत येत नाही. फ्रीजरमध्ये ठेवल्यावर चकतीवर दव धरतं, आणि तेच हेडखाली येतं. झाकण उघडलं तर धूळ जाते. धुळीचा कणही हेडच्या त्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

सारख्याच मॉडेलच्या डिस्कचं सर्किट काढून लावायचा सल्लाही मिळेल. आजच्या डिस्कच्या सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मापं साठवलेली असतात, म्हणून दुसऱ्याचं सर्किट सहसा चालत नाही.

आता एकच मार्ग आहे. डेटा मोलाचा असेल तर क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या रिकव्हरी केंद्रात न्या. नेण्यापूर्वी हे विचारा : हेड बदलण्याचं काम तुम्ही स्वतः करता की पुढे पाठवता? तपासणीचे पैसे वेगळे का? डेटा न मिळाल्यास किती द्यायचे? माझ्या डेटाची तुमच्याकडची प्रत किती दिवसांनी पुसणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, कारण तुमच्या घरातली सगळी कागदपत्रं तुम्ही त्यांच्या हाती देत आहात. डिस्क तिच्या बाहेरच्या मूळ कवचासह, आतल्या यूएसबीच्या सर्किटसकट द्या. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीच्या सर्किटमध्येच कुलूप असतं, ते सर्किट टाकून दिलं तर चांगल्या चकत्यांवरचा मजकूरही वाचता येत नाही.

टकटक होत नसेल, पडलीही नसेल आणि नुसती ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारत असेल तर गोष्ट निराळी. ‘कॅन्सल’ दाबा. दुसरी केबल लावा, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट जोडा. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, तर यूएसबी 3 चा 900. कमी विजेवर बरी डिस्कही आजारी वाटते. तरीही उघडली नाही तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन) चालवू नका, ते डिस्कवर लिहितं. लिनक्सवरच्या ‘डीडी-रेस्क्यू’ने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर हुबेहूब प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. फोटो काढायला ‘फोटोरेक’ चांगलं आहे, मात्र फाईलची मूळ नावं परत मिळत नाहीत.

प्रश्न : 2021 च्या पुरात दुकानातला संगणक टॅलीच्या डेटासकट गेला. आता बॅकअप कसा ठेवावा? एसएसडी कपाटात ठेवली तर चालेल का? (चिपळूण)

22 जुलै 2021 च्या त्या पुराने बॅकअपबद्दलची एक गोष्ट दाखवून दिली : दुकानातली प्रत आणि दुकानातलाच बॅकअप मिळून एकच प्रत होते. दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. एक दुकानात, दुसरी वरच्या वस्तीतल्या किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे. दर आठवड्याला अदलाबदल करा. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाईल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तडाख्यात मूळ डेटाबरोबरच कुलूपबंद होते. रोजची टॅलीची प्रत ‘सेव्हन-झिप’ने पासवर्ड लावून, एईएस-256 निवडून क्लाउडवर टाका. ती फार मोठी नसते. आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

कपाटात ठेवायला एसएसडी नको. ती मजकूर विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि तो हळूहळू गळतो. पूर्ण आयुष्य वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना 30 अंश तापमानात एक वर्ष डेटा धरावा, इतकीच जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी पुष्कळ जास्त टिकते, पण उष्णता वाढली की मुदत घटते. हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात ठेवा आणि वर्षातून दोनदा जोडून फिरवा.

पुन्हा कधी डिस्क पाण्यात गेली तर ड्रायरने सुकवू नका आणि चालू करून पाहू नका. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. गाळ वाळून चकतीला चिकटला की काम अवघड होतं. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून रिकव्हरीला पाठवा.

प्रश्न : कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलला, तरी तेच. (जत)

एसएमपीएस बहुधा निर्दोष होता. त्याच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेज ते अर्थ आणि एक न्यूट्रल ते अर्थ. अर्थिंग तुटलं असेल तर पत्र्यावर 230 च्या निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास येतात. करंट एक मिलिअँपिअरच्या आत असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण अर्थिंग नाही याचा अर्थ, उद्या आत खराखुरा शॉर्ट झाला तर पत्र्यावर पूर्ण वीज येईल. चालू संगणकाला टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडताना पोर्ट जळतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.

मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेट तपासा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या जवळपास, फेज आणि अर्थमध्येही साधारण तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट यायला हवेत. फेज-अर्थचा आकडा कमी किंवा हलता असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घातलेलं असतं, ते उन्हाळ्यात कोरडं पडलं की अर्थिंग कमजोर होतं. तिथे पाणी घालून फरक पडतो का ते आधी बघा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कधीही तोडू नका.

प्रश्न : रोज सकाळी संगणकाची तारीख जुनी होते आणि वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणतात. व्हायरस आहे का? (वाशीम)

मदरबोर्डवरची सीआर 2032 ची बटण-बॅटरी संपली आहे. संगणकाची तारीख चुकली की वेबसाइटच्या प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही, म्हणून तो इशारा येतो. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कडेची क्लिप सरकवा आणि नवी बॅटरी अधिक खूण वर ठेवून बसवा. जुनीचा व्होल्टेज मोजायचा असेल तर 2.7 च्या खाली ती निकामी समजा.

एक अडचण येते. बायोसच्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात. त्यात साटाचा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या पोर्टचा) मोड ‘एएचसीआय’ ऐवजी दुसरा झाला तर विंडोज निळा पडदा दाखवून अडतं आणि डिस्क गेली असं वाटतं. म्हणून बॅटरी काढण्याआधी बायोसच्या साटा आणि बूट या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.