‘रन’ शिकताना आधी कर्ता बघा

इंग्रजीतल्या ‘रन’ (run) या क्रियापदाचे अर्थ पाठ करायला बसू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत. आपलं ‘लागणं’ बघा: भूक लागते, ठेच लागते, बस फलाटाला लागते. शेजारच्या शब्दावरून अर्थ कळतो. ‘रन’चंही तसंच, म्हणून आधी कर्ता बघायचा.

- माणूस, जनावर: पळणं.
- बस, रेल्वे: ठरलेल्या मार्गावर ये-जा. ‘द बस रन्स टू खानापूर’ यात वेगाचा संबंध नाही, बस जाते एवढंच.
- मोटर, पंप: चालू असणं.
- पाणी, नाक, कपड्याचा रंग: वाहणं, गळणं, जाणं.

‘रन’नंतर ‘टू’, ‘इंटू’सारख्या शब्दयोगी शब्दाशिवाय थेट कर्म आलं, की बहुतेक वेळा अर्थ ‘चालवणं’. ‘शी रन्स अ शॉप इन शहापूर’ म्हणजे ती शहापुरात दुकान चालवते. बेळगावात मुलं ‘पळणं’ किंवा कन्नड ‘ओडु’ मनात धरून बसतात आणि नेमकी इथंच अडतात.

दुसरी चूक ‘रन’नंतर येणारा छोटा शब्द गाळण्याची. ‘रन आउट’ म्हटलं की क्रिकेट आठवतं, पण ‘वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपलंय. ‘रन इंटू अ फ्रेंड’ म्हणजे मित्र अचानक भेटणं.

रूपं रन, रॅन, रन. ‘हॅव रॅन’ चुकीचं.

पहिला महिना एवढंच करा. रोज तीन वाक्यं, पूर्ण लिहून. नाम म्हणून येणारा ‘रन’ आणि बाकीचे वाक्प्रचार नंतर बघू. जमेल तुम्हाला.