क्रोम अपडेट केलं, तरी वेबपी चित्रांच्या त्रुटीचा धोका उरतो का?

उरू शकतो. सप्टेंबर २०२३ मधली ही त्रुटी (सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२३-४८६३) मुळात क्रोमची नव्हतीच. ती लिबवेबपी या लायब्ररीत होती, म्हणजे वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या, अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये. मुद्दाम बिघडवलेलं वेबपी चित्र उलगडताना हफमन तक्त्यांसाठी (दाबून लहान केलेला डेटा उलगडायचे तक्ते) राखलेली मेमरी अपुरी पडायची आणि डेटा हद्दीबाहेर लिहिला जायचा. क्लिकची गरज नाही, चित्र पानावर दिसलं की पुरे. दुरुस्ती येण्याआधीच हल्लेखोर या त्रुटीचा वापर करत होते.

क्रोममध्ये ११६.०.५८४५.१८७ आणि फायरफॉक्समध्ये ११७.०.१ या आवृत्त्यांपासून ही त्रुटी बुजवली आहे. क्रोममध्ये तीन ठिपके, मदत, मग ‘क्रोमविषयी’ उघडून आवृत्ती पाहा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: अपडेट उतरलेलं असतं, पण ब्राउझर आठवडाभर बंदच केलेला नसतो. पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच कोड चालतो.

आता खरी मेख. इलेक्ट्रॉनवर (वेब-तंत्राने डेस्कटॉप ॲप्स बनवायची चौकट) बनलेली चॅट किंवा एडिटरसारखी ॲप्स स्वतःचं क्रोमियम, म्हणजे क्रोमचा मूळ गाभा, सोबत आणतात, क्रोमच्या अपडेटने त्यांना काही फरक पडत नाही. ती एकेक करून अपडेट करा. वर्षानुवर्षं अपडेट न आलेलं ॲप सरळ काढून टाका. लिनक्सवर लिबवेबपी १.३.२ किंवा पुढची हवी. मात्र काही डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे संच) जुन्याच आवृत्ती-क्रमांकात दुरुस्ती घालतात, तेव्हा पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) बघा.